तीन आयनांचं आइस्क्रीम

पुष्पधन्वा सोसायटीच्या दहाव्या वर्धापनदिनाला विकतच्या कपातलं आइस्क्रीम द्यायचं, असा ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. सेक्रेटरी हिंदुराव भोइटे यांनी पेनाचं टोपण काढून ते लिहायलाही घेतलं होतं. अशा वेळी चिंतामणी सोहोनी यांनी हात वर केला. सोहोनींच्या पत्नी मीनलताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तो हात खाली ओढायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

सोहोनी म्हणाले की बदलापुरात मे महिन्यात घरोघरी आंबे आहेत, माणसं आहेत, गच्ची आहे आणि तरी आपण कारखान्यातला गोठवलेला फेस का खावा? आपण पॉटचं आइस्क्रीम करू. लाकडी पिंप, आत डबा, भोवती बर्फ आणि मीठ. साठ बिऱ्हाडांना पुरेल एवढं. आणि तेही, इथे त्यांनी आवाज किंचित खाली आणला, साध्या मिठावर नाही, शास्त्रीय पद्धतीने.

शास्त्रीय हा शब्द ऐकला की पुष्पधन्वामध्ये सगळे लिफ्टकडे पाहतात, कारण लिफ्टची शास्त्रीय दुरुस्ती झाल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही. पण सोहोनींना ही संधी सोडायची नव्हती. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली होती, आणि निवृत्त होऊन इथे आल्यापासून 'केमिस्ट' या एका शब्दाने त्यांचा छळ मांडला होता. दारावर 'चिं. वि. सोहोनी, केमिस्ट' अशी पाटी लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरचा अभिजीत खोकल्याचं औषध मागायला आला होता. नंतर कुणी पोट बिघडलं म्हणून, कुणी गोळीची पट्टी अर्धी मिळेल का म्हणून. आपण औषधं विकत नव्हतो, द्रावणं तपासत होतो, हे सांगून सांगून सोहोनी थकले होते. लोक सहानुभूतीने मान हलवत आणि मग बामची बाटली आहे का विचारत.

तर सोहोनींनी सभेत समजावून सांगितलं. पाण्यात मीठ टाकलं की मिठाच्या प्रत्येक जोडीचे दोन तुकडे होतात, एक धन भाराचा, एक ऋण भाराचा. त्यांना आयन म्हणतात. हे तुकडे पाण्याच्या कणांच्या मधे मधे घुसतात आणि त्यांना बर्फ होण्यासाठी रांगेत उभं राहू देत नाहीत. म्हणून मिठाचं पाणी शून्याखालीही पातळच राहतं, आणि तेवढं थंड पाणी भोवती असलं की डब्यातलं दूध गोठतं. आता गंमत अशी, की गोठणं किती खाली जाणार ते तुकडे कोणते यावर नसतं, तुकडे किती यावर असतं. साखर घातली तर तिचा तुकडाच पडत नाही, एकाचा एक. मिठाचे दोन. आणि कॅल्शियम क्लोराइडचे तीन. मग दोनवाला माल वापरायचा की तीनवाला?

सभेने तीनवाल्याच्या बाजूने कौल दिला. तो शास्त्रामुळे दिला की जेवणाची वेळ झाली होती म्हणून, हे सांगणं अवघड आहे. हिंदुरावांनी ठराव खोडून नवा लिहिला आणि त्याखाली 'जबाबदारी : श्री. सोहोनी' असं लिहून दोन रेघा मारल्या.

पॉट मिळवायचं काम सोपं होतं. बदलापूरच्याच जुन्या कुळगावात सगळ्यांची गोदू आत्या राहते. तिच्या सासरच्यांकडे तीन पिढ्या लग्नाकार्यात आइस्क्रीम फिरवायचं काम होतं, आणि दोन सागवानी पिंपं, आतले कल्हईचे डबे, लोखंडी दांडे सगळं अजून तिच्या पडवीत जपून ठेवलेलं होतं. ती सत्तरीची आहे, पण दांडा फिरवताना तिचा खांदा पाहिला तर तिशीचा वाटतो. सोहोनींनी तिलाही तीन तुकड्यांची गोष्ट ऐकवली. तिने ती पदराने तोंड पुसत पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "आमी खडा मीठ टाकतो. वाटीवर वाटी. त्याचं किती तुकडं व्हतान तं कदी मोजलं नाय बाबा. पन तू म्हंतोस तं आन तुजा."

कॅल्शियम क्लोराइड आणायला सोहोनी उल्हासनगरला गेले. तिथे टहलराम यांचं रसायनांचं दुकान आहे, बाहेरून अगदी किराण्यासारखं, आत गेलं की नाक चुरचुरतं. टहलराम कारखान्यात माल पुरवायचे, तेव्हापासूनची ओळख. त्यांनी सोहोनींना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि विचारलं, "साईं, सुका वाला दूं के पानी वाला? दोनो है."

इथे कथेचा पाया रचला गेला, म्हणून थोडं थांबलं पाहिजे. कॅल्शियम क्लोराइड दोन रूपांत मिळतं. एकाच्या खड्यात पाणी आधीच बसलेलं असतं, दुसरं ठणठणीत कोरडं, निर्जल. सोहोनींनी हे शेकडो वेळा तपासलं होतं, कागदावर नोंदवलं होतं, हाताखालच्या मुलामुलींना शिकवलं होतं. पण त्या क्षणी समोर थंड पाणी होतं, टहलराम शेठ जुन्या आदराने पाहत होते, आणि सोहोनींच्या मनात विचार आला की पाण्याचं वजन कशाला वाहून न्यायचं. ते रुबाबात म्हणाले, "सुका. एकदम शुद्धवाला."

पंचवीस किलोची गोण रिक्षात घालून ते बदलापूरला आले. गोण गेटवर अडली. वॉचमनच्या वहीत पाहुणा, पार्सल आणि दूध असे तीनच रकाने होते, आणि गोणीवर मोठ्या अक्षरात 'केमिकल' लिहिलं होतं. वॉचमनने हिंदुरावांना फोन लावला. हिंदुराव आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचा माणूस, मनाने चांगला, पण कागद नसलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यांनी खाली येऊन गोणीभोवती एक फेरी मारली आणि सदर पदार्थ स्फोटक नसल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचं पत्र मागितलं.

सोहोनी म्हणाले, या विषयातला सक्षम माणूस मीच आहे.

हिंदुराव म्हणाले, "अर्जदार आणि सक्षम अधिकारी एकच व्यक्ती असू शकत नाही, सोहोनी. तुमच्यावर अविश्वास नाही. नियम आहे."

गोण गेटबाहेर बाकाखाली राहिली. तिच्या एका बाजूला लाल वाळूची बादली ठेवली गेली, दुसऱ्या बाजूला 'लहान मुलांनी जवळ जाऊ नये' अशी पाटी, आणि त्यामुळे सोसायटीतली सगळी लहान मुलं संध्याकाळभर तिथेच होती. सोहोनींनी दुसऱ्या दिवशी अंबरनाथचा आपला जुना कारखाना गाठला. त्यांच्या जागी आता किर्ती होती. बावीस वर्षांची असताना आली होती, त्यांनीच तिला ब्युरेटची मापाची नळी धरायला शिकवलं होतं. आज ती प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि तिच्या टेबलावर शिक्का होता. सरांना पाहून ती उठून उभी राहिली, चहा मागवला, हकिगत ऐकली, टेबलावर मान ठेवून मनसोक्त हसली आणि मग नीट चार परिच्छेदांचं पत्र टाइप करून शिक्का मारून दिलं. सोहोनींनी शिक्का सरळ आला आहे ना एवढं पाहिलं आणि पत्र खिशात घातलं. हिंदुरावांनीही शिक्का पाहिला, आवक क्रमांक टाकला आणि पत्र फाइलला लावलं. वाचलं कुणीच नाही.

रविवारच्या वर्धापनदिनासाठी शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये रंगीत तालीम ठरली. खरं तर तालमीची गरज नव्हती. पण आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची तेजल, जी बँकेत नोकरीला आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळं टाकते, तिने 'उद्या सोहोनी काकांचा लाइव्ह प्रयोग' असं टाकलं होतं, आणि प्रेक्षक जमलेले पाहून मागे हटणारा माणूस सोहोनी नव्हे. बर्फाच्या पाच लाद्या आल्या होत्या, गोणपाटात आणि भुशात गुंडाळून. गोदू आत्या एक पिंप घेऊन आली होती. डब्यात चाचणीपुरतं दोन लिटर दूध होतं, मीनलताईंनी आटवलेलं.

सल्ले तर सकाळी सातपासूनच येत होते. अभिजीत म्हणाला, बर्फ आधी बारीक करा. पहिल्या मजल्यावरचे नरेंद्र म्हणाले, मोठाच ठेवा, जास्त टिकतो. जिज्ञासा नावाच्या नव्या भाडेकरूबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी यात लिंबू पिळतात, कशासाठी ते त्यांना आठवेना. हिंदुराव वाळूच्या बादलीशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

सोहोनींनी पांढरा कोट चढवला. निवृत्तीनंतर तो पहिल्यांदाच बाहेर आला होता आणि पोटावरची दोन बटणं आता लागत नव्हती. त्यांनी फोडलेला बर्फ पिंपात भरला, पाच किलो पांढरे खडे मोजून त्यावर टाकले आणि प्रेक्षकांना सांगितलं की आता पारा पाहा, शून्याच्या खाली कसा धाव घेतो ते.

पिंपातून चुर्र आवाज आला. मग वाफ आली. ते थंडीचं धुकं असावं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोदू आत्याने दांडा दहा-बारा वेळा फिरवला, थांबली, पिंपाला हात लावला आणि हात पटकन काढला.

"ह्या तापलाय," ती म्हणाली.

सोहोनींनी तिच्याकडे दयेने पाहिलं. जास्त थंड वस्तूला हात लावला तर चटकाच बसल्यासारखं वाटतं, हे त्यांनी तिला समजावलं. मग थर्मामीटर आत घातला. पारा एक्केचाळीसवर होता. त्यांनी तो बाहेर काढला, झटकला, परत घातला. बर्फाचा एकही खडा उरला नव्हता. पिंपात कोमट पाणी हेलकावत होतं आणि आतलं दूध अधिक आटू लागलं होतं.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. सोहोनींनी दुसरी लादी फोडली. प्रमाण कमी पडलं असं म्हणत आणखी पाच किलो खडे ओतले. या वेळी वाफ जास्त आली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, काका, आइस्क्रीम आहे की बासुंदी? तेजलचा फोन सुरूच होता.

तेव्हा हिंदुराव उठले. त्यांनी काखेतली फाइल उघडली, चष्मा लावला आणि कचेरीच्या आवाजात किर्तीचं पत्र वाचायला लागले. सदर पदार्थ स्फोटक नाही. सदर पदार्थ ज्वलनशील नाही. "परिच्छेद तीन. सदर पदार्थ निर्जल स्वरूपात असल्यास पाण्यात विरघळताना मोठ्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते. सर, तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण नियम म्हणून लिहिते."

पार्किंगमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सोहोनींनी गोणीवरचं लेबल वाचलं, कोटाची उरलेली बटणं काढली आणि जिन्याने वर गेले. लिफ्टसाठी थांबले नाहीत.

घरी ते गॅलरीत बसून राहिले. मीनलताईंनी चहा ठेवला तो तसाच गार झाला. उद्या संध्याकाळी सहाला साठ बिऱ्हाडं कप घेऊन उभी राहणार होती. प्रत्येक घराने आंबे दिले होते, त्यांचा रस निघाला होता. दूध येणार होतं. पाचपैकी दोन लाद्या पाण्यात गेल्या होत्या, आणि लग्नसराईमुळे बर्फवाल्याकडे नवी मिळणार नव्हती. पण सोहोनींना टोचत होतं ते यातलं काही नाही. हा विषय आपण शिकवला आहे, आणि विद्यार्थिनीच्या लक्षात राहिला, आपल्या नाही, हे टोचत होतं. तीन तुकडे, तीन तुकडे म्हणून मिरवताना ते तुकडे पाण्यात शिरताना काय करतात, हे आपण विसरलो.

मीनलताईंनी गार झालेला कप उचलला. मग म्हणाल्या, "उष्णता एकदाच बाहेर पडते की परत परत?"

सोहोनींनी त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी विचारलेला हा पहिला रासायनिक प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर फार सोपं होतं. उष्णता एकदाच बाहेर पडते. एकदा विरघळून निवलं की झालं. मग ते पाणी तीन आयनवालं, थंड व्हायला तयार, निमूट पाणी. कोरडे खडे बर्फावर टाकायचेच नाहीत. आज पाण्यात विरघळवायचे, तापू द्यायचं, निवू द्यायचं, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि उद्या ते पाणी बर्फावर ओतायचं. फ्रीजरमधली थंडी आयती मिळणार, म्हणजे बर्फही कमी लागणार.

सोहोनी तसेच उठून गच्चीवर गेले. उरलेले पंधरा किलो खडे त्यांनी बादल्यांत थोडे थोडे टाकून विरघळवले. बादल्या एवढ्या तापल्या की नरेंद्र टॉवेल घेऊन आले आणि अंघोळीला चालेल का विचारून गेले. संध्याकाळपर्यंत पाणी निवलं. ते लिटर-लिटरच्या चाळीस बाटल्यांत भरून, प्रत्येकीवर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवून सोहोनी दारोदार गेले. सकाळचा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला होता. तरी एकाही घराने नाही म्हटलं नाही. जिज्ञासाबाईंनी तर बाटलीला जागा व्हावी म्हणून मटाराची पिशवी बाहेर काढली.

रविवारी सकाळी साडेसातला पहिला फोन आला. अभिजीतचा. काका, आमचा फ्रीज गेला वाटतं, बाटलीचा बर्फच झाला नाही. सोहोनींनी सांगायला तोंड उघडलं तोवर दुसरा फोन वाजला. मग दार वाजलं. ग्रुपवर तर वादळ उठलं होतं. आमचीही बाटली पातळ. आमचीही. काल रात्री व्होल्टेज कमी होतं का? वीजवाल्यांना तक्रार करा. सगळ्यांचे फ्रीज एकदम जातात म्हणजे नक्कीच लाइनमध्ये फॉल्ट. सोहोनींनी ग्रुपवर लिहिलं की बर्फ होऊ नये म्हणूनच तर ते पाणी बनवलं आहे. त्यावर तिघांनी अंगठे दिले आणि चौथ्याने विचारलं, मग ठेवलं कशाला?

अंबरनाथहून विनीत नावाचा फ्रीज मेकॅनिक नऊ वाजता आला. त्याच्याकडे एकाच इमारतीतून सात तक्रारी गेल्या होत्या, म्हणून तो गॅसची टाकी आणि गंभीर चेहरा घेऊन आला होता. सोहोनी पोचले तेव्हा त्याने अभिजीतच्या फ्रीजची मागची जाळी उघडली होती. सोहोनींनी त्याला धापा टाकत थांबवलं आणि बाटली, आयन, तुकडे असं सगळं एका दमात सांगायला सुरुवात केली. विनीतने हात वर करून त्यांना अडवलं. बाटली हातात घेतली, हलवली, बाहेरचं दव बोटाने पुसलं.

"ब्राइन आहे ना हे?" तो म्हणाला. "आइस फॅक्टरीत हेच फिरतं पाइपमधून. मी दोन वर्षं होतो तिकडे. तुम्ही घरी बनवलं, काका? भारी."

सोहोनी खुर्ची ओढून बसले. या इमारतीत आल्यापासून त्यांचं एक वाक्य कुणाला पूर्ण व्हायच्या आधी समजलं, असं प्रथमच घडत होतं. विनीतने जाळी परत लावली, सातही घरी जाऊन फ्रीज ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी थांबू का विचारलं. सोहोनींनी त्याला हाताला धरून घरी नेलं, पोहे खायला घातले.

चार वाजता लाद्यांवरचं गोणपाट काढलं. तीनच्या दोन झाल्या होत्या, त्याही कडेने झिजलेल्या. गोदू आत्याने त्याकडे पाहून मान हलवली. दोन पिंपं प्रत्येकी दोनदा फिरवायची, म्हणजे चार घाणे. एवढ्या बर्फात, तिच्या हिशोबाने, दीडच घाणा निघाला असता. सोहोनींनी जिन्याकडे बोट केलं. जिन्यावरून माणसं उतरत होती, प्रत्येकाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एकेक बाटली, देवाचं तीर्थ आणावं तशी दोन्ही हातांनी धरलेली.

पिंपात थोडा बर्फ, त्यावर सहा बाटल्या. चुर्र झालं नाही. वाफ आली नाही. सोहोनींनी थर्मामीटर घातला आणि डोळे मिटून घेतले. विनीतने वाकून वाचलं आणि नुसती शीळ घातली. पारा शून्याच्या खाली एकोणीसवर होता. गोदू आत्याच्या मिठावर तो उणे दहाच्या आसपास थांबायचा, हे त्यांनी तिच्या पडवीत एकदा मोजून पाहिलं होतं.

आणि चार मिनिटांत दांडा अडकला.

हलेना. गोदू आत्याने जोर लावला, मग अभिजीतने, मग नरेंद्र आणि विनीतने मिळून. पिंप जागचं सरकलं, दांडा सरकला नाही. डब्याच्या कडेला आंब्याचा रस दगडासारखा धरला होता आणि मधे अजून दूधच होतं. गॅलरीतून माणसं वाकून पाहत होती. शास्त्र बरोबर होतं, पारा बरोबर होता, आणि आइस्क्रीम तरीही होत नव्हतं.

गोदू आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत चेष्टा अजिबात नव्हती.

"तुजा पानी लय जोराचा हाय," ती म्हणाली. "दुधाला घाबरवलास तू. हलू हलू घेवाचा त्याला."

तिने पिंपाच्या बुडातलं बूच काढून थोडं पाणी वाहू दिलं, वर साधं पाणी शिंपडलं, डबा उघडून कडेला धरलेला थर लाकडी उलथन्याने सोडवला. मग सोहोनींना बाटली हातात दिली आणि सांगितलं की मी म्हणेन तेव्हा, म्हणेन तेवढीच. ती दांडा फिरवू लागली. कान पिंपाला लावून. आतला आवाज जड झाला की ती बोट वर करायची आणि सोहोनी धार थांबवायचे. हलका झाला की मान हलवायची आणि ते ओतायचे. एकतीस वर्षांत त्यांनी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना जेवढं लक्ष दिलं नसेल, तेवढं त्या बोटाकडे दिलं. बावीस मिनिटांनी तिने झाकण उघडलं. आत केशरी, घट्ट, मऊ. चमचा उभा राहत होता.

चारही घाणे सात वाजायच्या आत झाले. दोन लाद्यांमधला अर्धा तुकडा उरला, त्याच्याशी मुलं खेळली. साठही बिऱ्हाडांना पोचलं, वॉचमनला पोचलं, शेजारच्या सोसायटीतून वास घेत आलेल्या चौघांना पोचलं. हिंदुरावांनी तीन वेळा घेतलं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने रांगेत आले.

तेजलने सोहोनींच्या हातात माइक दिला. सकाळपासून त्यांनी भाषणाचे मुद्दे मनात जुळवले होते, पण समोर दोनशे माणसं चाटून चाटून कप रिकामे करत होती, आणि त्यांना ते सगळे मुद्दे नकोसे झाले. ते म्हणाले की काल मी चुकलो, आणि का चुकलो ते आधी सांगतो. कोरडा माल आणि ओला माल यांतला फरक सांगितला. किर्तीचं नाव घेतलं. मग म्हणाले, "आपल्या सभेत कोरम मोजतात ना, तसं आहे हे. कोण आलंय हे बघत नाहीत, किती आलेत तेवढं बघतात. पाणीसुद्धा तेच करतं. मिठाचे दोन आले तर दोन मोजतं, याचे तीन आले तर तीन. पण कोरम भरला म्हणून काम होतंच असं नाही. ते गोदू आत्याकडून शिकलो."

कोरमचा दाखला मात्र सगळ्यांना एका फटक्यात कळला. पुष्पधन्वाच्या सभा कोरमअभावी अकरा वेळा तहकूब झाल्या होत्या. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. गोदू आत्या पिंप धूत होती, ती ओल्या हाताने पदर सावरत उभी राहिली आणि तिच्यासाठी पुन्हा वाजल्या. मीनलताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या जिज्ञासाबाईंना, निर्जल म्हणजे काय, ते हातवारे करून समजावत होत्या.

पुढच्या रविवारी सभा होती. इतिवृत्त लिहायचं होतं. हिंदुराव आधीच सोहोनींकडे आले, वही घेऊन, आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाले की शनिवारचा प्रकार वहीत घ्यायलाच हवा असं नाही. रविवारचा कार्यक्रम यशस्वी झाला, एवढं पुरे. सोसायटीची वही कायमची राहते. उद्या कुणी वाचेल. तुमचा मान राहिला पाहिजे.

आयुष्यभर एकही नोंद न गाळलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मोल सोहोनींना कळलं. त्यांच्या प्रयोगशाळेत नोंदवहीला शिसपेन लावायची बंदी होती, आणि ती त्यांनीच घातली होती.

"लिहा," ते म्हणाले. "शनिवार, पारा एक्केचाळीस. कारण, माल निर्जल होता, श्री. सोहोनी यांनी लेबल वाचलं नाही. चुकलेलं रीडिंगही रीडिंगच असतं, भोइटे."

हिंदुरावांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि एक अक्षर न बदलता तसंच लिहिलं. मग रविवार लिहिला. उपस्थिती लिहिली, गोदू आत्याचं पूर्ण नाव विचारून घेऊन लिहिलं, विनीतचं लिहिलं. शेवटी त्यांनी वळणदार अक्षरात 'पारा १९' लिहिलं, वही फिरवली आणि सहीसाठी पुढे केली.

सोहोनींनी चष्मा लावून पानावरचं सगळं एकदा वाचलं. मग हिंदुरावांच्या हातातलं पेन घेतलं आणि सही करण्याआधी त्या एकोणीसच्या डाव्या बाजूला, अगदी सावकाश, उण्याची एक छोटीशी आडवी रेघ ओढली.